तृणमणी ते मनगटपट्टा : अदृश्य ठिणगीशी माणसाच्या व्यवहाराचा इतिहास



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी विजेचा विषय निवडावा, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. पण भाषेच्या अभ्यासकाला शब्दांच्या मागोमाग चालत जाण्याची सवय असते आणि शब्द कोणत्या शास्त्राच्या दारात नेऊन उभे करतील ह्याचा नेम नसतो. शिवाय आपल्या शाळेत आता संगणककक्ष आहे, इलेक्ट्रॉनिक वस्तू उघडून पाहणारी मुले आहेत आणि माजी विद्यार्थ्यांत अशा वस्तू घडवण्यात व दुरुस्त करण्यात आयुष्य वेचलेले अनेक जण आहेत. त्या सर्वांच्या बोटांशी निगडित असलेल्या एका अतिशय लहान ठिणगीचा इतिहास मी आज सांगणार आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच मांडतो. घर्षणाने निर्माण होणाऱ्या ह्या विजेपासून बचाव करायचा तर वस्तू आणि माणसे एकमेकांपासून तोडून ठेवावीत, असे प्रथमदर्शनी वाटते. इतिहासाने शिकवलेला धडा मात्र उलट आहे. सुरक्षितता जोडण्यात आहे, आणि तेही सावकाश, हळुवारपणे जोडण्यात. हा धडा मानवाला वेगवेगळ्या क्षेत्रांत पुनःपुन्हा गिरवावा लागला, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत मोजावी लागली.

नावांची गोष्ट

अंबर नावाचा पिवळसर, पारदर्शक खडा आपण दागिन्यांत पाहतो. तो वस्तुतः प्राचीन वृक्षांचा अश्मीभूत डिंक होय. लोकरीवर घासला की तो गवताची काडी, पिसाचा तुकडा अशा हलक्या वस्तू ओढून घेतो. संस्कृतात त्याला ‘तृणमणी’ असे नाव आहे. फारसीत ‘कहरुबा’ म्हणजे काडी पळवणारा. दोन्ही भाषांनी एकाच निरीक्षणावरून नाव घडवले. ग्रीकांनी त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले आणि ह्या आकर्षणाची नोंद उत्तरकालीन ग्रंथकारांनी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातील थेलीस ह्या तत्त्वज्ञाच्या नावावर केली. १६०० साली इंग्लंडमधील वैद्य विल्यम गिल्बर्ट ह्याने चुंबकावरील आपल्या लॅटिन ग्रंथात त्या ग्रीक शब्दावरूनच एक विशेषण घडवले. इंग्रजीतील ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि आजचा ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हे शब्द त्याच कुळातले. आधुनिक अरबीतही विजेला ‘कहरबा’ म्हणतात.

आपली वाट निराळी. मराठीने ‘वीज’ आणि ‘विद्युत्’ हे शब्द आकाशातून घेतले. हैदराबादेत राहणाऱ्यांना उर्दूतील ‘बर्क’ परिचित आहे. तिचाही मूळ अर्थ आभाळात चमकणारी वीज असाच. परिणाम असा की, ‘वीज’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक तर कडाडणारे आभाळ येते किंवा घरातील तारा येतात. गवताची काडी उचलणारी, सदरा काढताना अंधारात चटचटणारी वीज हीदेखील तीच, हे आपल्याला मुद्दाम आठवावे लागते. युरोपीय आणि अरबी नाव लहान अनुभवावरून पडले, आपले मोठ्या अनुभवावरून. माझ्या आजच्या विषयाला मात्र तो लहान अनुभवच महत्त्वाचा आहे. शास्त्रकार त्याला स्थितिक विद्युत म्हणतात, कारण तिच्यातील भार वाहत नाही, एका जागी साचून राहतो.

माणूस भरतो, हा शोध

गिल्बर्टने दाखवून दिले की, हा गुण एकट्या अंबराचा नाही. काच, गंधक, लाख अशा अनेक पदार्थांत तो आढळतो. हवा दमट असली की हा प्रभाव मावळतो, हेही त्याने नोंदवले. चारशे वर्षांपूर्वीचे ते निरीक्षण आजच्या कारखान्यांतही उपयोगी पडते. पुढे जर्मनीतील ओटो फोन गेरिके ह्याने फिरत्या गंधकगोलाचे आणि इंग्लंडमधील फ्रान्सिस हॉक्सबी ह्याने फिरत्या काचगोलाचे प्रयोग केले, आणि घर्षणाची वीज हवी तेव्हा निर्माण करता येऊ लागली.

परंतु खरा कलाटणीचा प्रयोग स्टीफन ग्रे ह्या वृद्ध इंग्रजाचा. १७२९ मध्ये तो एका मित्राच्या घरी सुतळीतून वीज किती दूर नेता येते हे पाहत होता. सुतळी टांगण्यासाठी त्याने रेशमी दोरा वापरला होता. दोरा तुटला म्हणून त्याच्या जागी पितळेची तार लावली, तेव्हा प्रयोगच फसला. वीज तारेतून निसटून गेली होती. त्यातून काही पदार्थ वीज वाहू देतात आणि काही तिला अडवून धरतात, हा संवाहक-निरोधकांचा भेद प्रथमच स्पष्ट झाला. पुढच्याच वर्षी त्याने एका मुलाला निरोधक दोरांवर आडवे टांगले, घासलेली काचनळी त्याच्याजवळ नेली, आणि मुलाच्या हातांकडे व चेहऱ्याकडे धातूच्या पातळ पत्र्याचे कण उडू लागले. फ्रान्समध्ये शार्ल द्यु फे ह्याने स्वतःलाच टांगून घेतले. त्याचा सहकारी नोले ह्याने हात जवळ नेताच द्यु फेच्या शरीरातून ठिणगी उडाली.

श्रोतेहो, ह्या घटनेचे मर्म लक्षात घ्यावे. जमिनीपासून तोडलेला माणूस हे विजेचे एक पात्र आहे. ते पात्र भरते, भरलेले असताना बाहेरून काहीच दिसत नाही, आणि दुसरी वस्तू जवळ आली की ते क्षणात रिते होते. आज रबरी तळव्यांचे बूट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला प्रत्येक जण न कळत ग्रेच्या त्या टांगलेल्या मुलाची जागा घेत असतो.

१७४५-४६ मध्ये वीज साठवणारी बरणी सिद्ध झाली. जर्मनीत क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लाइडन येथे मुशेनब्रुक ह्यांना ती स्वतंत्रपणे साधली. नोलेने फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांची साखळी करून बरणीचा झटका त्यांच्यातून जाऊ दिला, आणि सारे एकदम उडाले. दरबार खूष झाला. त्या काळी ही वीज करमणुकीची होती, आणि आपल्या शालेय प्रयोगशाळेतही ती फार काळ तशीच राहिली. १८०० साली व्होल्टाने सतत वाहणारा प्रवाह देणारी विद्युतघटमाला बनवली, आणि तेव्हापासून गंभीर संशोधनाचा ओघ प्रवाही विजेकडे वळला. कागदाचे कपटे उचलणारा कंगवा मुलांसाठी मागे उरला.

तोडलेली सळई आणि जोडलेली सळई

करमणूक संपली की धोका सुरू होतो, हे त्या शतकातच दिसून आले. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन ह्याने सुचवल्यावरून मे १७५२ मध्ये फ्रान्समध्ये दालीबार ह्याने उंच सळईतून ढगांची वीज उतरवून दाखवली. आकाशातील वीज आणि अंबराची वीज एकच आहे, हे सिद्ध झाले. १७५३ च्या उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्ग येथे प्राध्यापक रिखमान हा ह्याच विजेचे मोजमाप करीत होता. त्याच्या छपरावरील सळईची तार घरात आणलेली होती आणि ती मुद्दाम जमिनीपासून तोडलेली होती, कारण जमिनीला जोडली असती तर मोजायला काही उरले नसते. वादळ आले, रिखमान सळईजवळ वाकला आणि विजेच्या लोळाने जागच्या जागी मरण पावला.

फ्रँकलिनची संरक्षक सळई वर आकाशाकडे आणि खाली ओल्या जमिनीत, अशी अखंड जोडलेली होती. एक सळई घात करते, दुसरी घर वाचवते. दोहोंतील अंतर एका जोडणीचे आहे. टेम्स नदीकाठच्या पर्फ्लीट येथील बंदुकीच्या दारूच्या कोठारांना सळया कशा बसवाव्यात, हे ठरवण्यासाठी १७७२ मध्ये रॉयल सोसायटीने समिती नेमली आणि तीत फ्रँकलिन होता. १७७७ मध्ये तेथील एका इमारतीवर वीज पडली, परंतु हानी किरकोळ झाली.

ह्या परंपरेतील आणखी एक टप्पा १८३६ चा. मायकेल फॅरडे ह्याने लंडनमध्ये एक मोठा, प्रत्येक बाजू १२ फुटांची खोलीवजा पेटी बांधली आणि तिला बाहेरून धातूचे आवरण दिले. पेटीवर प्रचंड भार दिला. बाहेर ठिणग्या उडत असताना आत बसलेल्या फॅरडेला आपल्या नाजूक उपकरणांवर त्याचा मागमूसही दिसला नाही. धातूच्या अखंड आवरणाच्या आत बाहेरच्या भाराचा शिरकाव होत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. आज संगणकाचा सुटा भाग ज्या करड्या, चमकदार पिशवीतून येतो, ती पिशवी म्हणजे फॅरडेच्या पेटीची घडी घालण्याजोगी आवृत्तीच होय.

शस्त्रक्रियागृह, विमान, जहाज

विसाव्या शतकात ही विसरलेली वीज ज्वालाग्राही पदार्थांच्या सान्निध्यात पुन्हा प्रकट झाली. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला ईथर आणि पुढे सायक्लोप्रोपेन हे वायू हुंगवीत. दोन्ही पेट घेणारे. परिचारिकेचे लोकरी किंवा रेशमी वस्त्र, रबरी चादर, ढकलगाडीची चाके, ह्यांपैकी कशावरचीही ठिणगी स्फोट घडवू शके, आणि असे स्फोट झालेही. ह्यावरचा उपाय विचार करण्यासारखा आहे. जमीन, पादत्राणे, रबरी नळ्या, चाके ही सर्व वीज वाहू देतील अशी बनवण्यात आली. सुती वस्त्रे आली, हवेतील दमटपणा राखण्यात आला. मात्र जमीन धातूइतकी संवाहक ठेवली नाही. तशी असती तर एखादे सदोष यंत्र हाताळणाऱ्याला घरच्या विजेचा जबर झटका बसला असता. म्हणून तिच्या रोधाला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा ठरवल्या. भार साचू नये इतपत जोड हवी आणि माणसाला इजा होऊ नये इतपत अडसर हवा. १९५६ पासून हॅलोथेन हे न पेटणारे भूलद्रव्य वापरात आले आणि शस्त्रक्रियागृहातील तो प्रश्न हळूहळू मागे पडला. तेथील हा मध्यम मार्ग मात्र पुढच्या पिढीच्या कामी आला.

६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबुर्ग’ हे हायड्रोजन भरलेले जर्मन हवाई जहाज उतरताना जळाले आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. कारणाबद्दल वाद अजूनही होतो. तथापि अधिक मान्यता असलेला तर्क असा की, उतरताना खाली सोडलेल्या ओल्या दोरांनी जहाजाचा धातूचा सांगाडा जमिनीला जोडला गेला, परंतु त्यावरील कापडी आवरण सांगाड्याशी नीट जोडलेले नव्हते. एक भाग रिता झाला, दुसरा भरलेलाच राहिला, आणि दोहोंमध्ये ठिणगी पडली. अर्धवट जोडणी हीदेखील धोक्याची असते, हे ह्यातून ध्यानात येते.

डिसेंबर १९६९ ह्या एकाच महिन्यात ‘मार्पेसा’, ‘माक्ट्रा’ आणि ‘काँग होकॉन सातवा’ ह्या तीन महाकाय तेलवाहू जहाजांवर स्फोट झाले. रिकाम्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतल्या जात असताना हे घडले. चौकशीअंती बोट दाखवले गेले ते उडालेल्या तुषारांवर साचलेल्या भाराकडे. त्यानंतर टाक्यांत ज्वलनास साहाय्य न करणारा वायू भरण्याची पद्धत रूढ झाली. धुण्याच्या पाण्यातून आग लागावी, ह्याहून मोठा विरोधाभास शोधूनही सापडणार नाही.

ठिणगी जाणिवेच्या खाली जाते

आतापर्यंतच्या सर्व घटनांत एक गोष्ट समान होती. ठिणगी दिसत होती, ऐकू येत होती, तिचा परिणाम भयंकर आणि उघड होता. इलेक्ट्रॉनिक युगात हेच पालटले.

१९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. तेथेच १९५९-६० मध्ये अटाला आणि कांग ह्यांनी त्याचा एक नवा प्रकार घडवला, ज्याला त्याच्या रचनेवरून मॉस ट्रान्झिस्टर म्हणतात. त्यात सिलिकॉनच्या पृष्ठभागावर काचेसारख्या ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर नियंत्रण करणारा धातूचा अग्र. आजच्या बहुतेक सर्व चिप ह्याच घराण्यातल्या. त्या काळी पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी होती. हा ऑक्साइड उत्तम निरोधक आहे. मिलिमीटरमागे सुमारे दहा लाख व्होल्टपर्यंत तो टिकाव धरतो. पण ह्या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर येते १०० व्होल्ट. त्याहून अधिक दाब पडला की पापुद्र्याला भोक पडते आणि ते पुन्हा बुजत नाही.

आता माणसाच्या बाजूचा हिशेब. बोटातून ठिणगी गेल्याची जाणीव आपल्याला साधारणपणे ३,००० व्होल्टच्या सुमारास होते. म्हणजे १०० ते ३,००० हा सारा पट्टा असा की, त्यात चिप मरते आणि मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८० साली काढलेल्या मार्गदर्शिकेत काही आकडे दिलेले आहेत. हवा कोरडी, म्हणजे सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के असताना, गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्टपर्यंत भार साचू शकतो. बाकावरून प्लॅस्टिकची साधी पिशवी उचलली तर २०,०००, आणि बाकाशी बसून नुसते काम केले तरी ६,०००. आर्द्रता ६५ ते ९० टक्के असेल तर हेच आकडे अनुक्रमे १,५००, १,२०० आणि १०० होतात. गिल्बर्टचे निरीक्षण येथे आकड्यांत उतरलेले दिसते. त्याचबरोबर, भर पावसाळ्यातही केवळ हवेच्या ओलाव्यावर विसंबून चालणार नाही, हेही त्यातून दिसते.

ह्या ठिणगीतील ऊर्जा किती अल्प असते पाहा. चाचणीसाठी मानवी शरीराचे एक प्रमाणित प्रतिरूप कल्पिले आहे: १०० पिकोफॅरड धारकता आणि १,५०० ओहम रोध. ते २,००० व्होल्टला भरले तर त्यात जेवढी ऊर्जा साठते तेवढीने एक ग्रॅमची वस्तू जेमतेम दोन सेंटिमीटर वर उचलता येईल. परंतु ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास इतक्या अवधीत, सुमारे सव्वा अँपिअर प्रवाहाच्या रूपाने, एका सूक्ष्म बिंदूवर ओतली जाते. सुईचे टोक आणि तळहात ह्यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

दोष कोणाचा?

नवे ट्रान्झिस्टर बाजारात आले तेव्हा त्यांचे सर्व पाय धातूच्या एका लहान कड्याने किंवा स्प्रिंगने एकत्र जखडलेले असत. मंडलात डाग देऊन झाल्यावरच ते कडे काढायचे असे. येथेही तोच विचार आहे: सर्व पाय परस्परांना जोडलेले असले की त्यांच्यात दाबाचा फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर पापुद्रा फुटत नाही.

तरीही भाग निकामी होत राहिले. अशा वेळी दोष देण्याची एक ठरलेली उतरंड असते. जोडणारा म्हणतो, माल खराब आला. विकणारा म्हणतो, कारखान्याने खराब पाठवला. कारखाना म्हणतो, आमच्याकडून तपासूनच निघाला. तिघेही प्रामाणिक असू शकतात. अपराध घडला तेव्हा कोणीच काही पाहिले नव्हते, आणि अपराधी हात निष्पाप होता. सूक्ष्मदर्शकाखाली चिप उघडून पाहू लागल्यावर वितळलेल्या खुणा आणि पडलेली भोके दिसली, तेव्हा कुठे त्या हातापर्यंत माग लागला. केवळ माणसाचा हातच नव्हे, तर प्लॅस्टिकच्या नळीतून घसरत आलेली चिप स्वतःच भरते आणि धातूला टेकताच रिती होते, हेही १९७० च्या दशकात उमगले. हा दुसरा प्रकार यंत्रांनी चालणाऱ्या कारखान्यात अधिक संभवतो, कारण तेथे मानवी हात नसतोच.

ह्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची. काही वेळा चिप मरत नाही, घायाळ होते. चाचणीत उत्तीर्ण होते, यंत्रात बसते, काही काळ चालते आणि मग एके दिवशी बंद पडते. अशा सुप्त दोषांचे प्रमाण किती, ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण असे घडू शकते हे मान्य आहे. तो भाग एखाद्या रुग्णालयातील उपकरणात किंवा विमानात असेल तर त्याचे मोल त्याच्या किमतीवर मोजता येत नाही.

१९७९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे ह्या एकाच विषयाला वाहिलेले पहिले परिसंवाद-संमेलन भरले. १९८० मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने नियमावली काढली. १९८२ मध्ये ह्या क्षेत्रातील अभियंत्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि १९९९ मध्ये तिचे एस-२०.२० हे प्रमाणक आले, जे सुधारित रूपांत आज जगभरच्या कारखान्यांत पाळले जाते. माणूस टांगून ठिणगी पाहणाऱ्या शतकापासून माणसाला जमिनीशी बांधून ठिणगी टाळणाऱ्या शतकापर्यंतचा हा प्रवास आहे.

मनगटपट्टा

त्या बांधण्याचे साधन म्हणजे मनगटपट्टा. कातडीला टेकणारा एक संवाहक पट्टा, त्याला वळणदार तार, आणि तारेचे दुसरे टोक अर्थिंगला. दिसायला इतके साधे की त्याची थट्टा व्हावी. परंतु त्या तारेत दहा लाख ओहमचा एक रोध घातलेला असतो, आणि साऱ्या इतिहासाचे सार त्या रोधात आहे. काम करणाऱ्याचा हात चुकून २३० व्होल्टच्या तारेला लागला, तर ह्या रोधामुळे पट्ट्यातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरहूनही कमी राहतो, माणूस वाचतो. आणि अंगावरील भार रिता व्हायला लागणारा वेळ? सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या घरातला. माणसाच्या दृष्टीने तो तत्काळ; पण ठिणगीच्या मानाने शेकडो पट सावकाश. शस्त्रक्रियागृहातील जमिनीने शिकवलेला मध्यम मार्ग तो हाच. मात्र उच्च दाबाच्या चालू यंत्रावर काम करताना पट्टा बांधू नये, कारण तेथे जमिनीशी जोडलेले असणेच जिवावर बेतू शकते.

पट्ट्याच्या जोडीला बाकावर भार वाहून नेणारी चटई, तशीच जमीन आणि तशीच पादत्राणे येतात. पिशव्यांचे प्रकारही ओळखावेत. गुलाबी पिशवी स्वतःवर भार साचू देत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवीत नाही. शिवाय तिचा गुण हवेतील ओलाव्यावर अवलंबून असतो. करडी, धातूचा थर असलेली पिशवी बाहेरची ठिणगीही अडवते. आयसीचे पाय ज्यात खोचलेले असतात तो काळा फेस स्वतः संवाहक असतो. पूर्वीच्या धातूच्या कड्याचे काम तो करतो. थर्मोकोल, साधे प्लॅस्टिक, चिकटपट्टी ही निरोधक मंडळी. त्यांना तार जोडून उपयोग नाही, कारण त्यांच्यातून भार वाहतच नाही. त्यांना बाकापासून दूर ठेवावे, आणि ते शक्य नसेल तेथे दोन्ही जातींचे आयन सोडणारा पंखा वापरावा.

आजचा प्रश्न

हैदराबादेत हा विषय परका नाही. १९६७ मध्ये येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला टीडीसी-१२ हा संगणक १९६९ मध्ये तिने बाहेर आणला. तेव्हापासून ह्या नगरात सुटे भाग हाताळणारी कुशल बोटे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत.

ह्या बोटांवरील जबाबदारी आता वाढली आहे. तो पापुद्रा इतक्या वर्षांत कैक पटींनी पातळ झाला. चिपच्या आत संरक्षक मंडले घातलेली असतात हे खरे. परंतु २००७ मध्ये उद्योगातील तज्ज्ञांच्या एका परिषदेने असे सुचवले की, चिपने सोसावयाच्या मानवी ठिणगीचे उद्दिष्ट २,००० व्होल्टवरून १,००० वर आणावे. २००९ मध्ये चिप स्वतः भरून रिती होण्याच्या प्रकारासाठीचे उद्दिष्टही ५०० वरून २५० व्होल्ट करावे, असे तिने म्हटले. कारण असे दिले की, कारखान्यांतील शिस्त आता भरवशाची झाली आहे. चिपला जड चिलखत घालण्याची गरज उरली नाही. युक्तिवाद रास्त आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की, चिपचे चिलखत आपण माणसाच्या शिस्तीच्या भरवशावर उतरवले. कारखान्यात ती शिस्त आहे. गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आपल्या शाळेच्या संगणककक्षात ती आहे का? भाग मात्र तेथेही तेच वापरले जातात.

एक शंका मला ऐकू येते: हे म्हणजे नवे सोवळेच झाले! हात लावू नका, अमुक वस्त्र चालत नाही, अमुक रेषेच्या आत येऊ नका. साम्य आहे खरे, म्हणून भेदही नीट पाहिला पाहिजे. आपल्या जुन्या सोवळ्यात रेशमी मुकटा आणि लोकरीची धाबळी श्रेष्ठ, साधे सुती वस्त्र मात्र सहज विटाळणारे. ह्या नव्या नियमांत रेशीम आणि लोकर बाहेर ठेवायची, कारण ती भार धरून ठेवतात. ग्रेने रेशमाचाच उपयोग वीज अडवून धरण्यासाठी केला होता. धुतलेला सुती डगला त्या मानाने पुष्कळ बरा. त्याहून मोठा भेद तत्त्वाचा. जुन्या सोवळ्याने पावित्र्य वेगळेपणात पाहिले, माणसाला माणसापासून दूर ठेवले, आणि त्यातून झालेला अन्याय आपण जाणतो. ह्या बाकावर चिप, चटई, हत्यार आणि माणूस ही सर्व एकाच भूमीशी जोडलेली असावी लागतात. जो वेगळा राहिला, तोच धोक्याचा.

शेवटी आपल्या शाळेपुरती एक व्यावहारिक सूचना करून मी थांबतो. संगणककक्षात एक बाक वेगळा काढावा. त्यावर योग्य चटई घालावी, तज्ज्ञाकडून तपासलेले अर्थिंग द्यावे आणि दोन मनगटपट्टे ठेवावेत. पट्टा दर दिवशी वापरण्यापूर्वी तपासावा. तुटलेला पट्टा नसलेल्या पट्ट्याहून वाईट, कारण तो खोटा धीर देतो. जेथे पट्टा नसेल तेथे यंत्राचा वीजपुरवठा बंद करून, त्याच्या धातूच्या उघड्या सांगाड्याला प्रथम हात लावावा आणि मगच आतील भागाला. उठून पुन्हा बसलो की पुन्हा तसेच करावे. मंडल कडेने धरावे, पायांना बोट लावू नये, आणि सुटा भाग त्याच्या पिशवीतून गरज पडेल तेव्हाच काढावा.

ह्या साऱ्याला फार खर्च येत नाही. मात्र ज्याने ही काळजी घेतली त्याला आपण काय वाचवले हे कधीच दिसणार नाही, आणि न घेणाऱ्याला आपण काय गमावले तेही कळणार नाही. मुलांना हे शिकवायचे तर ते फलकावर लिहून भागणार नाही. शिक्षकाने स्वतः पट्टा बांधून त्यांच्यासमोर बाकाशी बसले पाहिजे.